तोंडी कारभाराला लेखी उत्तर : माध्यमांत काम करणाऱ्या महिलांसाठी

पत्रकारितेत नुकत्याच आलेल्या मुली भेटोत की दहा-पंधरा वर्षं काढलेल्या मैत्रिणी, ठरावीक प्रश्न निघतातच. ‘मी स्ट्रिंगर आहे, ऑफिसच्या समितीकडे मला तक्रार करता येते का?’ ‘नियुक्तिपत्रच दिलेलं नाही, मग बाळंतपणाची रजा कुणाकडे मागायची?’ ‘माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त पगार आहे, विचारलं तर चालेल का?’ ‘त्रास देणारा नेत्याचा माणूस आहे, आमच्या ऑफिसचा नाही, मग?’

उत्तरं बहुतेक वेळा तुमच्या बाजूची आहेत. अडचण वेगळीच आहे. आपल्या क्षेत्रातली विषमता सहसा कागदावर सापडत नाही. ‘मुलींना क्राइम बीट द्यायचं नाही’ असं परिपत्रक कुठलाही संपादक काढत नाही. बीट तोंडी बदललं जातं, पगारवाढ तोंडी नाकारली जाते, राजीनामासुद्धा ‘तूच देऊन टाक, सोपं जाईल’ असं म्हणून तोंडीच मागितला जातो. म्हणून पुढचा बहुतेक सल्ला एकाच गोष्टीभोवती फिरतो : जे तोंडी झालं ते लेखी करा, आणि त्याच दिवशी करा.

आधी तुमचं नातं तपासा

कायम, करारावर, रिटेनर, बातमीमागे मानधन घेणारी वार्ताहर, इंटर्न. यांपैकी तुम्ही नेमक्या कोण आहात, यावर काही हक्क ठरतात. काही मात्र सगळ्यांना सारखेच आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा त्यांत विलीन झाला. नव्या व्याख्येत वृत्तपत्राबरोबर इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमंही स्पष्टपणे आली आहेत. पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय असेल, तर पूर्णवेळ आणि अर्धवेळ काम करणारे दोघंही ‘श्रमिक पत्रकार’ ठरू शकतात. बातमीदार, उपसंपादक, छायाचित्रकार, मुद्रितशोधक, फीचर लिहिणारे हे सगळे यात येतात. प्रामुख्याने व्यवस्थापकीय काम करणारे येत नाहीत. पोर्टलवर काम करणाऱ्यांना ‘तुम्ही पत्रकार नाही, कंटेंट रायटर आहात’ असं सांगितलं जातं. पदाचं नाव काय ठेवलंय यापेक्षा तुम्ही रोज काय काम करता, हे महत्त्वाचं धरलं जातं. ते दाखवता यावं म्हणून पुरावा जवळ ठेवा.

याच संहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. तुम्हाला ते मिळालेलं नसेल तर एचआरला ईमेल करून मागा. उत्तर आलं नाही तरी मागणी केल्याची तारीख नोंदली जाते, तेवढंही उपयोगी पडतं.

घरी ठेवायची फाइल

हे सगळं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर किंवा ऑफिसच्या ईमेलमध्ये ठेवू नका. वाद झाला की पहिल्यांदा लॉगिन बंद होतं.

- नियुक्तिपत्र, कराराची प्रत, प्रत्येक नूतनीकरणाचं पत्र
- पगारपत्रकं, बँकेत मानधन जमा झाल्याच्या नोंदी, पीएफचा यूएएन क्रमांक
- बायलाइन असलेली कात्रणं. टीव्हीत असाल तर पीटीसीच्या क्लिप आणि तारखा
- ओळखपत्राचे फोटो, पत्रकार परिषदांना ऑफिसतर्फे पाठवल्याचे मेसेज
- शिफ्टचा तक्ता, असाइनमेंट डेस्कच्या ग्रुपवरच्या सूचना
- कामाचं कौतुक झालेले ईमेल आणि मेसेज

शेवटचा मुद्दा बायका हमखास सोडून देतात. ‘शाब्बास, आजची बातमी उत्तम’ असा संपादकांचा मेसेज आला की आपण खूश होतो आणि विसरून जातो. तक्रार केल्यावर ‘तिचं कामच नीट नव्हतं’ हा पहिला बचाव असतो. तेव्हा हाच मेसेज तुमच्या बाजूने बोलतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी बातमीमागे मानधनावर काम करणाऱ्यांसाठी ही फाइल आणखी मोलाची आहे. अधिस्वीकृती पत्राच्या अर्जालाही कामाचे पुरावे जोडावे लागतात.

पगारात फरक दिसला तर

एकाच मालकाकडे, सारखंच किंवा सारख्या स्वरूपाचं काम असताना स्त्री म्हणून कमी पगार देणं वेतन संहितेनं मना केलं आहे. भरतीतही असा भेद चालत नाही. आधीच्या समान वेतन कायद्यातही हेच होतं, तरी आपल्याकडे पगार प्रत्येकाशी वेगवेगळा बोलून ठरतो आणि मग ‘त्याने जास्त मागितला, तू मागितला नाहीस’ असं उत्तर मिळतं. या उत्तराने गप्प बसू नका.

आधी तुलना पक्की करा. सहकाऱ्याचा अनुभव, पद, शिफ्ट, बीट आणि लागल्याचं वर्ष तुमच्याशी जुळतं का, ते बघा. त्याचं पगारपत्रक गुपचूप मिळवण्याच्या भानगडीत पडू नका, त्यातून तुमच्यावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तो आपणहून सांगत असेल तर गोष्ट वेगळी. आणि आपले पुरुष सहकारी विचारल्यावर बरेचदा सांगतात, हे लक्षात असू द्या. मग एचआरला लेखी विचारा : माझ्या पदाची वेतनश्रेणी काय, वाढीचे निकष काय, मागच्या वर्षी माझं मूल्यमापन काय झालं. समाधान झालं नाही तर कामगार विभागातल्या संबंधित प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. तुमच्या वतीने संघटनाही दावा करू शकते, त्यामुळे एकटीचंच नाव पुढे येणं टळतं. अर्जाचे नमुने आणि राज्याचे नियम कामगार आयुक्त कार्यालयात आधी विचारून घ्या.

बीट, शिफ्ट आणि पान

इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. कुणाला कोणतं बीट द्यायचं हा संपादकांचा अधिकार आहे आणि ‘मला राजकारणच हवं’ म्हणून सहसा कोणतंही न्यायालय आदेश देणार नाही. पण कारण म्हणून तुमचं बाईपण पुढे केलं असेल, तर ते नोंदवून ठेवणं तुमच्या हातात आहे. पुढे बढती नाकारली गेली, पगारातला फरक निघाला किंवा छळाची तक्रार करावी लागली, तर हीच नोंद साखळीतली पहिली कडी ठरते.

बैठक संपल्यावर त्याच संध्याकाळी असा ईमेल पाठवता येईल :

*‘आदरणीय सर, आज दुपारच्या बैठकीत आपण मला राजकीय बीटऐवजी पुरवणी विभागात काम करायला सांगितलंत. रात्री उशिरापर्यंत थांबणं मला जमणार नाही, असं कारण आपण दिलंत. गेलं वर्षभर या बीटवर मी रात्रीच्या शिफ्ट केल्या आहेत आणि पुढेही करायची माझी तयारी आहे. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावं. बदल कायमचा असल्यास त्याचं कारण आणि तारीख लेखी मिळावी, ही विनंती. तोवर सांगितलेलं काम मी सुरू करत आहे.’*

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर ‘आदेश पाळला नाही’ असा ठपका येतो. ईमेलमध्ये राग, टोमणे, जुनी उदाहरणं काहीही घालू नका. दिवस, शब्द, विनंती, एवढंच.

लैंगिक छळ : कुठे, कधी, कशी तक्रार

सर्वाधिक गोंधळ इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. १९९७ च्या विशाखा निकालानंतर तब्बल सोळा वर्षांनी, २०१३ साली, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. आपण त्याला पॉश म्हणतो.

*तुम्ही त्यात येता का?* येता. कायम, हंगामी, करारावरची, रोजंदारीची, एजन्सीमार्फत आलेली, प्रशिक्षणार्थी, विनामोबदला काम करणारी, या सगळ्या कायद्याच्या व्याख्येत आहेत. इंटर्नला ‘तू अजून कर्मचारी नाहीस’ असं सांगणारा माणूस चुकीचं सांगतो आहे. कामाची जागा म्हणजे नुसतं ऑफिसही नव्हे. कामानिमित्त जिथे गेलात ती जागा आणि ऑफिसने दिलेली गाडी, दोन्ही त्यात येतात. दौऱ्यातलं हॉटेल, ओबी व्हॅन, रात्रीची ड्रॉपची गाडी यांतली घटना ‘बाहेरची’ म्हणून झटकता येत नाही.

*छळ म्हणजे काय?* नकोसा स्पर्श, लैंगिक सुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रं किंवा क्लिप दाखवणं, आणि शब्दांनी किंवा हावभावांनी केलेलं असं कुठलंही नकोसं वर्तन. ‘माझ्याबरोबर जेवायला ये, मग अँकरिंगचं बघू’ असं सुचवणं, किंवा नकार दिल्यावर तुमच्या बातम्या अडवून ठेवणं, हेही कायद्याच्या नजरेतून सुटत नाही. डेस्कच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री फिरणारे ‘नॉनव्हेज’ विनोद चालवून घ्यायची आपल्याकडे सवय झाली आहे. ते चालवून घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही.

*कुणाकडे जायचं?*

- दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतली व्यक्ती, अशी तिची रचना असते. सदस्यांची नावं ऑफिसात ठळक जागी लावलेली असली पाहिजेत. समितीच नेमली नाही तर मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- वेगवेगळ्या शहरांतल्या कार्यालयांत वेगळी समिती हवी. मुंबईत समिती आहे म्हणून नागपूरच्या आवृत्तीचं काम भागत नाही.
- दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. छोटी दैनिकं, साप्ताहिकं, यूट्यूब चॅनेल यांत काम करणाऱ्यांचा हाच मार्ग आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे पत्ता मिळेल.
- केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, ती संबंधित समितीकडे पाठवली जाते.

समित्या कागदावरच असल्याचा अनुभव नवा नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या त्रुटींवर कडक शब्दांत बोट ठेवलं आणि समित्यांची पडताळणी करायला सांगितलं. तेव्हा समिती नसेल तर ‘समिती कुठे आहे?’ असा लेखी प्रश्न विचारणं, हीच तुमची पहिली कृती ठरू शकते.

*मुदत किती?* घटनेपासून तीन महिने. प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. या मुदतीत हातून तक्रार निसटलेल्या बायका मी फार पाहिल्या आहेत. ‘निवडणूक होऊ दे, मग बघू’, ‘दिवाळी अंकाचं काम संपू दे’ असं म्हणता म्हणता महिने जातात. वरिष्ठांनी ‘मी बोलतो त्याच्याशी, तू लिहू नकोस’ असं आश्वासन दिलं तरी मुदत थांबत नाही.

*तक्रार कशी लिहायची?* सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून. भाषा मराठी चालेल. विशेषणं टाळा, तपशील द्या. ‘ब्युरो चीफ माझ्याशी घाणेरडं वागतात’ या वाक्याची चौकशी करता येत नाही. हे बघा :

*‘१२ तारखेला, गुरुवारी, रात्री साडेनऊच्या सुमारास शहर आवृत्तीचं पहिलं पान लागत होतं. मी शेवटून दुसऱ्या टेबलावर बसले होते. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. मी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी पुन्हा हात ठेवून “एवढं काय लाजायचं” असं म्हटलं. समोर पान लावणारे सहकारी होते. त्या रात्री अकरा वाजता मी हा प्रकार बहिणीला मेसेज करून सांगितला. स्क्रीनशॉट जोडला आहे.’*

या परिच्छेदात वेळ आहे, जागा आहे, उच्चारलेले शब्द आहेत, तुमची प्रतिक्रिया आहे, साक्षीदार आहे आणि त्याच रात्री कुणाला तरी सांगितल्याचा पुरावा आहे. प्रत्यक्षदर्शी नसला तरी लगेच सांगितलेल्या माणसाची साक्ष उपयोगी पडते. म्हणून गप्प राहायचं ठरवलंत तरी एका विश्वासू व्यक्तीला लिहून कळवा.

*तक्रारीनंतर काय?* सात कामकाजाच्या दिवसांत प्रत समोरच्याला जाते, त्याला दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समितीपुढे दोघांनाही वकील आणता येत नाही. चौकशी चालू असताना तुम्ही लेखी मागणी केली तर समिती शिफारस करू शकते की

- तुमची किंवा त्याची बदली करावी,
- तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी, आणि ती तुमच्या हक्काच्या रजेतून कापू नये,
- त्याला तुमच्या कामाचं मूल्यमापन करू देऊ नये.

तिसरी मागणी करायची राहून जाते. बातमी कापणारा, शिफ्ट लावणारा आणि वार्षिक शेरा लिहिणारा तोच असेल, तर ती पहिल्याच अर्जात करा. बदली मागताना मात्र ‘त्यांची बदली करावी’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर सोयीचं म्हणून तुम्हालाच बिनमहत्त्वाच्या डेस्कवर टाकलं जातं.

‘समेट करून टाका’ असं सुचवलं जाईल. समेट फक्त तुम्ही मागितला तरच होऊ शकतो, आणि पैसे घेऊन करता येत नाही. तक्रार सिद्ध झाली नाही तर तुमच्यावर कारवाई होईल, ही धमकीही खोटी आहे. नुसता पुरावा कमी पडला म्हणून कारवाई होत नाही, जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं सिद्ध व्हावं लागतं. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील आहे.

समितीकडे गेलात म्हणून पोलिसांचं दार बंद होत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं. पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे.

*समाजमाध्यमांवर नाव घ्यावं का?* हा निर्णय तुमचाच. दोन गोष्टी लक्षात ठेवा. समितीपुढच्या तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख प्रसिद्ध करायला कायद्याने मनाई आहे. आणि बदनामीचा खटला होऊ शकतो. लैंगिक छळाचा आरोप जाहीरपणे करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर माजी संपादक आणि तत्कालीन केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी असाच फौजदारी खटला भरला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष सोडलं आणि स्त्रीला आपली तक्रार अनेक वर्षांनी, हव्या त्या व्यासपीठावर मांडायचा हक्क आहे असं म्हटलं. निकाल मोठा होता, पण तो लागेपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ त्यांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. पोस्ट टाकण्याआधी वकिलाला वाचून दाखवा.

त्रास देणारा बाहेरचा असेल तर

नेता, कार्यकर्ता, पोलीस अधिकारी, कलाकार, पत्रकार परिषद घेणारा उद्योजक. ‘आपला सोर्स तुटेल’ म्हणून ऑफिस हात वर करतं. कायदा तसं करू देत नाही. घटना जिथे घडली तिथला माणूस तुमचा सहकारी नसला, तरी तुमची इच्छा असेल तर त्याच्यावर फौजदारी कारवाई सुरू करण्यात पुढाकार घेणं हे तुमच्या मालकाचं काम आहे. संपादकांना लेखी कळवताना हीच मागणी करा.

भारतीय न्याय संहितेची ७४ ते ७९ ही कलमं अशा प्रसंगी लागतात : विनयभंग, लैंगिक छळ, चोरून बघणं किंवा चित्रण, पाठलाग, लज्जा उत्पन्न होईल असे शब्द आणि हावभाव. या गुन्ह्यांची माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. कुठल्याही पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर होते. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करा. पोलीस दाद देत नसतील तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी कळवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. जातीवरून अपमान किंवा हल्ला झालेल्या दलित, आदिवासी पत्रकारांनी अॅट्रॉसिटीची कलमं लावण्याचा आग्रह तक्रार लिहितानाच धरावा, नंतर ती घालून घेणं फार जड जातं.

काम करत असताना मारहाण झाली किंवा कॅमेरा फोडला, तर महाराष्ट्राचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे. करारावरचे पत्रकारही त्यात येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठाणे अंमलदाराला हा कायदा आठवेलच असं नाही, म्हणून अर्जात त्याचं नाव तुम्हीच लिहा.

रात्र आणि दौरा

संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी काम करायला तुमची संमती लागते आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर येते. हा नियम बाईला रात्रीच्या कामातून वगळण्यासाठी नाही, हे ठणकावून सांगायला हवं. संमती लेखी द्या आणि त्याच कागदावर गरजा लिहा : ड्रॉपची गाडी, चालकाचा नंबर, ऑफिसात रात्री फोन उचलणारी एक ठरलेली व्यक्ती.

ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईत शक्ती मिलच्या ओसाड आवारात कामावर असलेल्या तरुण छायाचित्र-पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर अनेक ठिकाणी मुलींच्या बाहेरच्या असाइनमेंटच कमी केल्या गेल्या, आणि तो उपाय मला तेव्हाही अन्यायाचा वाटला. मागणी सोयींची करा. निर्जन जागी जायचं असेल तर आधी जागेची माहिती, लाइव्ह लोकेशन, ठरावीक वेळाने फोन, आणि धोका वाटला तर शूट सोडून यायची मोकळीक.

निवडणुकीच्या दौऱ्यात, मोर्च्यांत, पुराच्या वार्तांकनात बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी पडतात आणि मग ‘हिला फील्ड झेपत नाही’ असं ऐकतात. दौऱ्याचा मार्ग ठरतानाच थांबे मागा. पेट्रोल पंप, एसटी स्टँड, ओळखीच्या वार्ताहराचं घर असं काहीतरी. मागायला संकोचू नका.

ऑनलाइन शिवीगाळ आणि बनावट फोटो

युनेस्कोने केलेल्या जागतिक पाहणीत भाग घेतलेल्या महिला पत्रकारांपैकी ७३ टक्के जणींनी ऑनलाइन हिंसा सोसल्याचं सांगितलं होतं. तेव्हा ‘माझ्याच नशिबी का’ हा प्रश्न सोडून द्या आणि हे करा :

1. ब्लॉक करण्याआधी पुरावा घ्या. पूर्ण स्क्रीनशॉट, त्यात तारीख, वेळ, प्रोफाइलचं नाव आणि पोस्टची लिंक दिसली पाहिजे. कापलेला स्क्रीनशॉट कमकुवत ठरतो. मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.
2. हे काम स्वतः करू नका. विश्वासू मैत्रिणीला लॉगिन देऊन तिच्याकडून करून घ्या. शेकडो शिव्या स्वतः वाचत बसण्याने काहीच साधत नाही.
3. फोन नंबर आणि घरचा पत्ता कुठे दिसतो ते शोधा. जुना बायोडेटा, संस्थेच्या संकेतस्थळावरची यादी, नातेवाइकांची खाती.
4. बलात्काराची किंवा मारण्याची धमकी, पाठलाग, खासगी किंवा बनावट अश्लील चित्र असेल तर सायबर पोलिसांकडे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. चित्र पसरू नये म्हणून ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सुविधा आहे, तिथे मूळ फोटो पाठवावा लागत नाही.
5. ऑफिसला लेखी कळवा. बातमीमुळे हल्ला झाला असेल तर संस्थेने तुमच्या बाजूने जाहीर निवेदन द्यावं, वकील द्यावा, अशी मागणी करा.

बाळंतपण

आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे. गर्भपात झाला तर सहा आठवडे, आणि हे कित्येकींना माहीतच नसतं. त्या दोन-चार दिवसांची आजारपणाची रजा घेऊन कामावर येतात. ईएसआयमध्ये असाल तर हा लाभ तिथून मिळतो.

नेहमीची चाल ही की सातवा महिना लागला की करार वाढवायचा नाही. डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मातृत्वाचा लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही द्यावा लागतो. म्हणून कराराची तारीख जवळ असेल तर रजेचा अर्ज आधीच, डॉक्टरांच्या दाखल्यासह आणि पोच घेऊन द्या. बातमीमागे मानधन घेणाऱ्यांना हा हक्क मिळवणं अवघड जातं. रोज ठरावीक काम, ठरावीक वेळ आणि ऑफिसचं नियंत्रण दाखवता आलं तर दावा उभा राहतो. वर सांगितलेली फाइल त्यासाठीच.

रजेवर असताना काढून टाकणं किंवा तुमच्या तोट्याचे बदल करणं कायद्याला मान्य नाही. परत येण्याच्या पंधरा दिवस आधी ईमेल करा आणि पूर्वीचं पद, बीट, शिफ्ट यांचा उल्लेख करून रुजू होण्याची तारीख कळवा. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दोन जादा विश्रांत्या मिळतात, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पाळणाघर जवळजवळ दिसत नाही, कारण मागणारी एकटी पडते. चौघींनी मिळून एक अर्ज द्या.

राजीनामा मागितला तर

त्या खोलीत सही करू नका. ‘विचार करून कळवते’ एवढंच म्हणा, बाहेर या आणि काय घडलं ते ईमेलने लिहून पाठवा. राजीनामा स्वखुशीने दिला असं एकदा कागदावर आलं की पुढचं सगळं कठीण होतं. नोकरी सुटलीच, कशीही, तर थकलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत देणं मालकावर बंधनकारक आहे. ‘हिशेब पूर्ण, कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर, पैसे खात्यात येण्याआधी आणि वकिलाला दाखवल्याशिवाय, सही नको.

मदत कुठे मिळेल

तातडीच्या धोक्यात ११२, महिलांसाठीची हेल्पलाइन १८१. राज्य महिला आयोगाकडे अर्ज करता येतो. तुमच्या शहरातल्या श्रमिक पत्रकार संघाचं सभासदत्व संकट येण्याआधी घ्या. तिथेही महिला कमी आहेत, तेव्हा दोघी-तिघी मिळून जा. नेटवर्क ऑफ विमेन इन मीडिया, इंडिया हे माध्यमातल्या महिलांचं जाळं २००२ पासून काम करतं आहे. तिथे अशाच प्रसंगांतून गेलेल्या बायका भेटतील.

आणि वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर हे लक्षात ठेवा : महिलांना सरकारी विधी सेवा मोफत मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइनचा क्रमांक १५१००. पहिल्या ईमेलच्या मसुद्यासाठीसुद्धा तिथे जाता येतं.